ईशान्येतल्या इंग्रजी कथा आणि संघर्षाच्या दिवसांतली साधी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागालँड, आसाम, मेघालय, मिझोराम इथल्या लेखकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कथा आम्ही काही जण वाचतो, एकमेकांना वाचायला देतो, महिन्यातून एकदा बसून त्यांवर बोलतो. नवीन कुणी आलं की प्रश्न बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. भर नागालँडवर जास्त आहे, कारण या प्रकारातल्या सगळ्यांत ताकदीच्या कथा तिथून आल्या असं माझं मत आहे.

या कथा बंडखोरीबद्दल आहेत का?

बंडखोरी त्यांत आहे, पण कथा तिच्याबद्दल नाहीत. फुटबॉल खेळताना गुडघा गेल्यामुळे पोलिसातली नोकरी सुटलेला एक माणूस आहे. विणकाम सोडून मडकी घडवायची हौस असलेली एक मुलगी आहे. चर्चच्या गायकवृंदात गाणारी एक पोर आहे, कुणाच्याच घरचा नसलेला एक भोळसट मुलगा आहे. यांच्या दिवसात पाणी भरायचं असतं, शेतावर जायचं असतं, रविवारचे कपडे धुवायचे असतात. आणि मग रात्री दार वाजतं. एका रात्री जंगलातले लोक तांदूळ मागायला येतात, दुसऱ्या दिवशी लष्कर विचारायला येतं की तांदूळ कुणाला दिलात. ज्याने कुठलीच बाजू घेतलेली नाही त्यालाच दोन्ही बाजूंना जाब द्यावा लागतो. माझ्या वाचनात हाच या कथांचा गाभा आहे आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी फिरून इथेच येणार आहे.

आधी इतिहास वाचायला हवा का?

थोडा माहीत असला तर बरं. नागा टेकड्या हा ब्रिटिशांच्या काळात आसाम प्रांतातला एक जिल्हा होता. १९४६ मध्ये नागा नॅशनल कौन्सिल स्थापन झाली आणि १४ ऑगस्ट १९४७ रोजी, भारताच्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, तिने नागांचं स्वातंत्र्य जाहीर केलं. १९५१ मध्ये कौन्सिलने स्वतःचं सार्वमत घेतलं, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर बहिष्कार टाकला. मार्च १९५६ मध्ये कौन्सिलचे नेते फिझो यांच्या नेतृत्वाखाली वेगळं 'फेडरल' सरकार उभं राहिलं आणि त्याच वर्षी तिथे लष्कर उतरलं. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा झाला. नुसत्या संशयावरून अटक, वॉरंटशिवाय झडती, ठरावीक परिस्थितीत गोळी घालण्याची मुभा आणि केंद्राच्या परवानगीशिवाय खटला नाही, असा तो कायदा. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झालं. १९६४ ची युद्धबंदी, १९७५ चा शिलाँग करार, तो न मानणाऱ्यांनी १९८० मध्ये काढलेली एनएससीएन (नॅशनल सोशलिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड) ही बंडखोर संघटना, १९८८ मध्ये तिची फूट, १९९७ चा युद्धविराम, असा पुढचा क्रम.

एवढं पाठ करायची गरज नाही. कथेतल्या माणसांनाही ते पाठ नसतं. त्यांना एवढंच कळतं की कोठारातलं धान्य जळालं आणि पेरणीला बियाणं नाही. वाचताना १९५० आणि १९६० ही दोन दशकं डोळ्यांसमोर ठेवली तरी पुरतं, कारण बहुतेक कथा फिरून तिथेच येतात.

'ग्रुपिंग' हा शब्द सारखा येतो. म्हणजे काय?

बंडखोरांना गावांतून अन्न आणि आसरा मिळू नये म्हणून अनेक गावं उठवून एका जागी आणायची, भोवती लाकडी कुंपण घालायचं, फाटकावर पहारा, ठरावीक वेळातच बाहेर जायची परवानगी. नागा टेकड्यांत हे १९५० च्या दशकात झालं. मिझो टेकड्यांत १९६७ पासून फार मोठ्या प्रमाणावर झालं आणि तिथे त्या वस्त्यांना 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं' असं सरकारी नाव होतं.

आपल्याकडे धरणासाठी गाव उठलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातला अर्धा भाग लगेच समजेल. उरलेला अर्धा असा, की तिथली शेती फिरती, तिला झूम म्हणतात. डोंगर उतारावरचा जंगलाचा तुकडा तोडून, जाळून पेरायचा आणि काही वर्षांनी पुढच्या तुकड्यावर जायचं. शेत गावापासून लांब असतं. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परतायचं म्हटलं तर कामाचा दिवस उरतो किती? भूक तिथून सुरू होते. सैनिकाने गोळी झाडली नाही तरी ती सुरू होते.

नागा लेखिका तेमसुला आओ यांच्या 'सोआबा' या कथेत त्या सांगतात की त्या काळात लोकांच्या बोलण्यात नवे शब्द शिरले: कॉन्व्हॉय, कर्फ्यू, ग्रुपिंग, सिच्युएशन. साधे इंग्रजी शब्द, पण आजीबाईंच्या तोंडीही बसले आणि उच्चारले की अंगावर काटा यायचा. मिझोराममध्ये त्या काळाला 'रामबुआई' म्हणतात, अशांततेचे दिवस. काश्मिरात 'हालात' हा एकच शब्द पुरतो. माणसं युद्धाला युद्ध म्हणत नाहीत. घरात बसून बोलता येईल असा एखादा लहानसा शब्द शोधतात.

मग सुरुवात कुठून करू?

तेमसुला आओ यांच्या 'दीज हिल्स कॉल्ड होम' या संग्रहापासून. २००६ मध्ये आला, दहाच कथा आहेत, पुस्तक लहान आहे. उपशीर्षकात 'युद्धभूमीतल्या कथा' असं म्हटलंय, त्याने दबून जाऊ नका.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी मडकी घडवणाऱ्या मुलीची कथा आधी वाचायला सांगतो. आई स्वतः कुंभारकामात निष्णात. पण या कामात कष्ट फार आणि मिळकत थोडी, त्यापेक्षा लेकीने विणकाम शिकावं असं तिला वाटतं. लेक ऐकत नाही. एवढीच गोष्ट. तिच्यात बंदूक नाही. संघर्षाच्या संग्रहात ही कथा कशाला, असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं. आता वाटतं, ती नसती तर बाकीच्या नऊ कथांत काय तुटलं, काय हरवलं, हे आपल्याला कळलंच नसतं. माती कशी मळायची, मडकं आतून कसं धरायचं आणि बाहेरून कसं थापायचं हे ज्या गावात एका पिढीकडून दुसरीकडे जातं, तेच गाव पुढच्या कथेत जळतं.

तेमसुला आओ कोण होत्या?

जन्म १९४५, आसामातल्या जोरहाटचा. लहानपणीच आईवडील गेले. शाळा आसामात, बीए मोकोकचुंगच्या फजल अली कॉलेजातून, एमए गुवाहाटीहून. शिलाँगच्या नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीत त्यांनी इंग्रजी शिकवलं. मधली काही वर्षं, १९९२ ते १९९७, दिमापूरच्या उत्तर-पूर्व क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या संचालक होत्या. आधी कवयित्री म्हणून नाव झालं, कथा नंतर आल्या. २००७ मध्ये पद्मश्री, 'लॅबर्नम फॉर माय हेड' या दुसऱ्या कथासंग्रहाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या गेल्या.

एक गोष्ट मला या सगळ्या सन्मानांपेक्षा महत्त्वाची वाटते. १९८५-८६ मध्ये त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिनेसोटाला होत्या. तिथे मूळनिवासी लोक आपल्या मौखिक कथा जपण्यासाठी काय करतात हे त्यांनी पाहिलं आणि परत येऊन अनेक वर्षं आपल्या आओ जमातीच्या गावांतल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, गाणी, चालीरीती गोळा केल्या. त्याचं पुस्तक १९९९ मध्ये निघालं. कथा त्यानंतरच्या. म्हणून त्यांच्या कथेचा आवाज लिहिणाऱ्याचा कमी आणि शेकोटीपाशी बसून सांगणाऱ्याचा जास्त वाटतो. ऐकण्याची तालीम आधी झाली होती.

इंग्रजीतच का लिहितात? स्वतःच्या भाषेत का नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बऱ्याचदा थोड्या नाराजीने येतो. मराठी माणसाला मातृभाषेत न लिहिणं म्हणजे तुटलेपण वाटतं. आपल्याकडे इंग्रजी बहुधा शहरातून, वरच्या थरातून येते, म्हणून तसं वाटतं. तिथला हिशेब वेगळा आहे.

नागालँडमध्ये डझनाहून जास्त जमाती आहेत आणि त्यांच्या भाषा एकमेकींना समजत नाहीत. अंगामी माणसाला आओ कळत नाही, आओला कोन्याक कळत नाही. एकट्या आओमध्येच चुंगली आणि मोंगसेन या वेगवेगळ्या बोली आहेत. बाजारात नागामीज चालते. ती आसामीपासून घडलेली मिश्र बोली, बोलायला सोयीची, पण शाळेत शिकवली जात नाही. १९६७ मध्ये राज्याच्या विधानसभेने इंग्रजीला राजभाषा केलं. म्हणजे तिथे इंग्रजी ही कार्यालयाची, शाळेची, बऱ्याच अंशी चर्चचीही भाषा आहे. आओ लेखिकेला शेजारच्या जिल्ह्यातल्या अंगामी वाचकापर्यंत पोहोचायचं असेल तरी इंग्रजीच लागते, दिल्ली-मुंबईचं पुढे बघू.

दुसरं, या भाषांना लिपी मिळून दीडशे वर्षंच झालीत. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी १८७० च्या दशकात आओ गावांत गेले, त्यांनी रोमन लिपीत आओ लिहायला सुरुवात केली. आओंची एक जुनी गोष्ट आहे: पूर्वी आपल्यालाही लिपी होती, ती एका कातड्यावर लिहून भिंतीला टांगली होती, एक दिवस कुत्र्याने ते कातडं ओढून खाल्लं, तेव्हापासून सगळं लक्षात ठेवावं लागतं. मला ही गोष्ट फार आवडते. जे लिहिलेलं नव्हतं ते गाण्यात, विणकामाच्या नक्षीत, म्हाताऱ्यांच्या आठवणीत राहिलं. मग युद्ध आलं आणि म्हातारी माणसं मेली किंवा बोलायची थांबली. अशा वेळी हाताशी असलेल्या लिपीत आणि भाषेत चटकन लिहून ठेवावं असं कुणालाही वाटेल.

आसामची गोष्ट निराळी. आसामी साहित्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे, तिथे इंग्रजीत लिहिणं ही निवड असते. अरुणी कश्यप यांच्यासारखे लेखक दोन्ही भाषांत लिहितात.

इंग्रजीत लिहिलेलं 'प्रादेशिक' कसं?

वाचा आणि ठरवा. ज्या कथेत गावाचं फाटक, झूम शेती, डिसेंबरातली शेकोटी आणि चर्चची घंटा आहे, ती प्रादेशिकच. भाषेचं नाव बघून कथेचं गाव ठरत नाही.

बंडखोर या कथांत नायक असतात का?

काही कथांत त्यांच्याबद्दल आपुलकी आहे, कारण ते कुणाचे तरी नवरे आणि मुलगे आहेत. पण तेमसुला आओ त्यांना सूट देत नाहीत. 'शॅडोज' या कथेत भूमिगतांची एक तुकडी जंगलातून लांबच्या प्रवासाला निघते आणि त्यातला एक तरुण शत्रूच्या गोळीने मरत नाही, आपल्याच नेत्याच्या मनातल्या आकसाने मरतो. 'सोआबा'मध्ये तर तिसरीच जमात दिसते, सरकारच्या बाजूने बंदूक मिळालेले स्थानिक लोक. गावातला एक साधा माणूस अशा पथकाचा प्रमुख होतो, घरात दारू आणि शस्त्रं येतात, लोक त्याला 'बॉस' म्हणायला लागतात आणि त्याच्या घराच्या कडेने वावरणारा तो भोळा मुलगा त्या सगळ्यात सापडतो. बंदूक कुठल्या बाजूने मिळाली यापेक्षा ती घरात आल्यावर माणसाचं काय होतं, याकडे लेखिकेचं लक्ष आहे.

गुडघा गेलेल्या त्या माजी शिपायाची कथा, 'द कर्फ्यू मॅन', मला या बाबतीत सगळ्यांत खरी वाटते. खबऱ्या व्हायची त्याची इच्छा नसते. पण संचारबंदीतही फिरायची मुभा मिळते, पैसे मिळतात. रोज रात्री बाहेर पडताना त्याची आणि त्याच्या बायकोची जी घालमेल होते, ती वाचताना आपण त्याला दोष द्यायचं विसरतो. मी तरी विसरलो.

आमच्या घरातले लोक फौजेत आहेत. सैनिकांचं चित्रण एकांगी नाही का?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत 'नागालँडला पोस्टिंग होतं' हे वाक्य ऐकायला मिळतं. आमच्या बैठकीतही एक निवृत्त सुभेदार येतात. 'द लास्ट साँग' ही कथा वाचून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. नवीन चर्चच्या प्रतिष्ठापनेच्या दिवशी गाव लष्कराने वेढलंय, एक मुलगी गात राहते, आणि तिच्यावर व तिच्या आईवर जे होतं ते वाचवत नाही. सुभेदार आधी म्हणाले, असं सगळे करत नव्हते. मग म्हणाले, आम्हालाही कोण कोण आहे ते कळायचं नाही, पाणी मागायचं तरी दुभाष्या लागायचा, रात्र झाली की भीती आम्हालाही वाटायची. पुढच्या महिन्यात मात्र त्यांनी ते पुस्तक घरी नेलं आणि सुनेला वाचायला दिलं.

माझं म्हणणं एवढंच, की कथा ज्या बाईच्या अंगणात घडते, तिला वर्दीतला माणूस दारातूनच दिसतो. त्याचं घर, त्याची आई, त्याचं साताऱ्याचं शेत तिला दिसणं शक्य नाही. ती कथा तिची आहे. सैनिकाची कथा त्याने किंवा त्याच्या माणसांनी लिहायला हवी आणि मराठीत ती लिहिण्यासारखी भरपूर आहे. पण तिच्या कथेत त्याची बाजू नाही म्हणून तिची कथा खोटी ठरत नाही.

शिवाय 'द लास्ट साँग'मधला सगळ्यांत बोचणारा भाग मला लष्कराचा वाटत नाही. त्या मायलेकींचा मृत्यू नैसर्गिक नाही म्हणून गावातली वडीलधारी मंडळीच त्यांना गावच्या दफनभूमीत जागा द्यायला कचरतात. जागा मिळते ती हद्दीबाहेर. तिथे लेखिका आपल्याच समाजाकडे बघते आणि नजर हटवत नाही.

बायकांबद्दल वेगळं काही?

बायका या कथांत कमी बोलतात आणि जास्त करतात. पुरुष जंगलात जातात किंवा तुरुंगात जातात, शेत, मुलं, म्हातारे आणि चौकशी करायला येणारे सैनिक यांना तोंड बाईच देते.

नंतरच्या पिढीत अविनुओ किरे यांचा 'द पॉवर टू फर्गिव्ह' हा २०१५ चा संग्रह जरूर वाचा. शीर्षककथेत बलात्कार झालेली मुलगी आहे आणि तिच्या वतीने तिचे वडीलच गुन्हेगाराला क्षमा करून मोकळे होतात. समाजात त्यांचा मान वाढतो. तिला कुणी विचारतच नाही. लष्कर नाही, बंडखोर नाहीत, तरी ही कथा त्याच मालिकेतली आहे असं मला वाटतं. ज्याच्यावर बेतलं त्याला सोडून बाकी सगळे निर्णय घेतात.

कॉलेजातल्या मुलांना द्यायच्या का या कथा?

कॉलेजातल्यांना नक्की. शाळेतल्या मुलांसोबत मडक्यांची कथा आणि आजोबा-नातवाची 'अॅन ओल्ड मॅन रिमेम्बर्स' ही कथा वाचता येईल. नातू आजोबांना सरळ विचारतो, तुम्ही लोकांना मारलंत हे खरं का? आजोबा इतकी वर्षं न बोललेलं बोलायला लागतात. 'द लास्ट साँग' मोठ्यांसाठी आहे आणि मोठ्यांनीही ती झोपायच्या आधी वाचू नये.

नागालँडपलीकडे कुणाला वाचू?

मेघालयातल्या जॅनिस पारियात यांचा 'बोट्स ऑन लँड' हा २०१२ चा संग्रह. पंधरा कथा, एकोणिसाव्या शतकापासून आजच्या शिलाँगपर्यंत येणाऱ्या. इथला संघर्ष वेगळा आहे. खासी लोक बाहेरच्याला 'ड्खार' म्हणतात. १९७९ पासून शिलाँगमध्ये बाहेरच्यांविरुद्ध, विशेषतः बंगाली कुटुंबांविरुद्ध दंगली झाल्या, पुढची कितीतरी वर्षं संचारबंदी हा तिथल्या मुलांच्या बालपणाचा भाग होता. पारियात यांच्या कथांत ही दहशत कडेकडेने येते. मध्यभागी असतं एखादं अर्धवट प्रेम, पाऊस, भुताखेतांवरचा विश्वास. 'इथला' आणि 'बाहेरचा' हा वाद मुंबईच्या वाचकाला परका नाही, म्हणून त्या कथा आपल्याला अवघड जागी बोट लावतात.

आसामसाठी अरुणी कश्यप यांचा 'हिज फादर्स डिसीज' (२०१९). आसाममधल्या उल्फा या सशस्त्र बंडखोर संघटनेची स्थापना १९७९ ची. १९९८ ते २००१ या काळात उल्फातल्या लोकांच्या नातेवाइकांच्या हत्या झाल्या, त्यांना आसामात 'गुप्त हत्या' म्हणतात. त्या काळाची सावली त्यांच्या लेखनावर आहे.

मिझोरामबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवून वाचा: मार्च १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटच्या उठावानंतर भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर बॉम्बफेक केली. आपल्याच देशातल्या शहरावर. इंग्रजीत तिथून कादंबऱ्या आल्या आहेत, कथा त्यामानाने थोड्या.

काश्मीरच्या इंग्रजी कथांपेक्षा या कशा वेगळ्या?

काश्मीरमधले शहनाज बशीर ('स्कॅटर्ड सोल्स', २०१६) आणि फिरोज राथर ('द नाइट ऑफ ब्रोकन ग्लास', २०१८) यांच्या कथा नव्वदच्या दशकात लहानाचे मोठे झालेल्यांनी लिहिल्या आहेत. जखम ओली आहे, गल्ली आणि तपासणी नाका जवळ आहेत, वाक्यं धारदार आहेत. नागा कथांत मधे चाळीस-पन्नास वर्षं गेली आहेत. तिथे राग आटून त्याचं दुसरंच काहीतरी झालंय. दोन्ही लागोपाठ वाचू नका. मी वाचल्या आणि महिनाभर दुसरं काही वाचवेना.

आता तर शांतता आहे. मग हे जुनं का उगाळायचं?

१९९७ पासून नागालँडमध्ये युद्धविराम आहे, २०१५ मध्ये एका चौकट करारावर सह्याही झाल्या. पण अंतिम तोडगा निघालेला नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यातल्या ओटिंगजवळ कोळसा खाणीतलं काम संपवून गाडीतून घरी निघालेल्या मजुरांवर लष्कराच्या विशेष तुकडीने अतिरेकी समजून गोळीबार केला. सहा जण जागीच गेले, त्यानंतरच्या संतापात आणखी माणसं मेली. शनिवार होता, ते रविवारसाठी घरी चालले होते. ही बातमी वाचताना मला वाटलं, ही कथा मी वाचलेली आहे. मे २०२३ पासून मणिपुरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये मोबाइलवरून अफवा पसरल्या आणि बंगळूर, पुणे इथून ईशान्येतली हजारो मुलंमुली रेल्वे भरून घरी पळाली. पुण्यात आपल्या शेजारी राहणारी, हॉटेलांत, कॉल सेंटरांत काम करणारी, कॉलेजात शिकणारी पोरं. दार वाजायच्या आधी निघून जावं, हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

कथा वाचून इतिहास कळतो का?

तारखा कळणार नाहीत, आणि कथेतला प्रसंग जसाच्या तसा घडला असं धरून चालू नये. पण अहवालात 'झडती घेण्यात आली' एवढं येतं. झडतीनंतर विस्कटलेलं घर आवरायला किती दिवस लागले, कुठलं भांडं फुटलं, ते कथेतच सापडतं.

इंग्रजी कठीण आहे का?

नाही. वाक्यं सरळ आहेत. नावं सुरुवातीला अडतात, दोन कथांनंतर सवय होते. 'मोरुंग' म्हणजे गावातल्या तरुण मुलांनी एकत्र राहायचं, शिकायचं घर. 'दोभाशी' म्हणजे मूळचा दुभाष्या, पुढे रूढीप्रमाणे न्यायनिवाडा करणारा. 'गावबुढा' म्हणजे गावचा सरकारमान्य म्होरक्या, लाल शालीवरून ओळखू येणारा.

मराठीत आणायच्या तर काय अडेल?

मी दोन कथांचा कच्चा खर्डा करून पाहिलाय, त्यावरून सांगतो. पहिली अडचण गावबुढा. 'पाटील' लिहिलं की वाडा, वतन, चावडी सगळं मागून येतं आणि ते तिथलं नाही. म्हणून गावबुढाच ठेवावा. 'ग्रुपिंग'ही तसाच ठेवावा. तो त्यांच्यावर बाहेरून लादलेला शब्द होता, आपल्या कानालाही तो परकाच लागला पाहिजे. माणसांना आपल्याकडची ग्रामीण बोली देण्याचा मोह मला झाला होता, चार पानांनंतर तो सोडला. माण तालुक्यातली बोली मोकोकचुंगच्या तोंडी बसत नाही.

एका बाबतीत मात्र मराठी इंग्रजीहून जास्त देऊ शकते. 'द जंगल मेजर' या कथेत खतिला देखणी आहे आणि तिचा नवरा पुनाबा दिसायला अगदीच डावा, त्यामुळे गावात या जोडीची कुजबुज असते. तो भूमिगत होतो. एकदा घरी आलेला असताना लष्कर गाव वेढतं. खतिला त्याला फाटके कपडे चढवते आणि सैनिकांसमोर घरगड्यासारखं फैलावर घेते: आळशी कुठला, पाणी अजून भरलं नाहीस, जा आधी. सैनिकांना तो गडीच वाटतो. तो डबा उचलतो आणि त्यांच्या देखत निघून जातो. इंग्रजीत दोन्ही वेळा 'यू'च आहे. मराठीत ती आधीच्या पानावर त्याला 'अहो' म्हणत असेल आणि इथे पहिल्यांदा, सगळ्यांच्या समोर, 'ए, ऐकू येतंय का रे तुला?' म्हणेल. त्याचा जीव त्या 'रे'वर टांगलेला असेल. खर्ड्यात मी ते वाक्य अकरा वेळा लिहिलंय, अजून जमलेलं नाही.